टेबलाच्या पलीकडून

६ जानेवारी, सोमवार
नवीन मुलगी. नऊ वर्षांची. घरी तिला भिंगरी म्हणतात. आनंद झाला की जागच्या जागी गरगर फिरते म्हणून. बोलत नाही. दुसरा मजला, दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक टेबल आणि आईचं शिलाई मशीन. आई लोकांचे कपडे दुरुस्त करून देते. मोठी बहीण कॉलेजात, वडील गोदामात.

वडील दारातच म्हणाले, “बाई, आधीच्या दोघी महिनाभरही टिकल्या नाहीत. एप्रिलमध्ये शाळेच्या प्रवेशाची चाचणी आहे. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. उगाच आशेला लावू नका.”

चौदा वर्षं घरोघरी जाऊन अशा मुलांना शिकवतेय. आशेला कुणालाच लावलं नाही – स्वतःलासुद्धा.

१७ जानेवारी, शुक्रवार
मी तिच्या शेजारी बसते, पुस्तक तिच्यापुढे ठेवते. ती छताकडे बघते. चित्रांची कार्डं दिली – जमिनीवर. अक्षरांची दिली – तीही जमिनीवर! तिचा सगळा जीव आईच्या बटणांच्या डब्यात. शेवटची दहा मिनिटं ती बटणं मांडते आणि मी टेबलाच्या पलीकडे बसून दिवसाची नोंद लिहिते. कार्बन घालून. एक प्रत मला, एक आईला. आई कागदाकडे बघते, “बरं बाई” म्हणते, घडी घालून मशीनच्या खणात ठेवते.

३ फेब्रुवारी, सोमवार
वाचन शून्य. माझा घसा मात्र बसला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

तास संपला. ती बटणं मांडत होती. मी समोर बसून नोंद लिहीत होते. शेवटी लिहिलं – ‘उद्यापासून बटणांचा डबा बंद.’ फक्त लिहिलं. तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तिनं डबा छातीशी धरला आणि सरळ मशीनखाली जाऊन बसली.

योगायोग म्हटलं. तरी नवा कागद घेतला, माझ्या बाजूनं लिहिलं – ‘डबा तुझाच राहील.’ ती बाहेर आली. ‘लाल बटण.’ लाल बटण पुढे सरकवलं. ‘दोन निळी.’ दोन निळी. ‘चार भोकांचं मोठं.’ डबा उपसून शोधलं, दिलं. मग कागद फिरवून तिच्या बाजूला सुलट केला. तिनं छताकडे बघितलं.

पोरीला वाचता येतं – पण उलटं!

मोठी बहीण कॉलेजातून आली. तिला सांगितलं तर टेबलाकडे बघत म्हणाली, “मी शाळेत असताना मोठ्यानं वाचत अभ्यास करायचे. हीच ना ती जागा? ही रोज माझ्या समोर बसायची.”

 आईचं मशीन थांबलं होतं, एवढं लक्षात आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
कार्बनप्रती चाळल्या. ‘हट्टी’ – अकरा वेळा. ‘मंद प्रतिसाद’ – सात वेळा. मी लिहीत होते, ती समोर बसून वाचत होती. सगळं.

आज तास घेतला नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. दुखत नव्हतं.

३ मार्च, सोमवार
वडिलांचं म्हणणं, “चाचणीत पेपर उलटा देणार आहे का कुणी?” बरोबरच आहे. म्हणून घड्याळाचा हिशेब केलाय. पुस्तकाचं डोकं तिच्याकडे म्हणजे बारा, तिला सुलट म्हणजे सहा. आठवड्याला एकेक आकडा पुढे फिरवायचं. आज एकवर. भुवया चढवल्या, पण वाचलं. नोंदी आता तिला सांगण्यासारख्याच लिहिते. अवघड जातं!

२१ मार्च, शुक्रवार
तीनवर गाडी अडली. पुस्तक आडवं झालं की वाचते, त्याच्या पुढे तसूभर नाही. आज जबरदस्तीनं चारवर नेलं तर माझ्या मनगटाला चावली. चूक माझी.

वडील चिडले. “तिच्या कलानं घेत बसलात तर चाचणी हातची जाईल.”

आई पहिल्यांदाच मध्ये बोलली. “अहो, आडवं तर आडवं! वाचतेय ना? वाचता येणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं.”

वडिलांनी पुस्तक उचललं आणि स्वतःच पुन्हा तीनवर ठेवलं. इतक्या लगेच ऐकतील असं वाटलं नव्हतं.

२२ एप्रिल, मंगळवार
चाचणी. वर्ग रिकामा, बाक लहान. आई बाहेर. तपासणाऱ्या बाईंनी पेपर पुढे ठेवला. भिंगरीनं तो आडवा केला. बाईंनी सरळ केला. हिनं पुन्हा आडवा. तिसऱ्यांदा बाईंनी माझ्याकडे बघितलं. “असं चालत नाही.”

म्हटलं, “वाचता येतं का ते बघायचंय, की कागद कसा धरते ते?”

माझा आवाज चढला होता. मुलांच्या चाचणीत तो कधी चढत नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं, हात मांडीवर घेतले. आडव्या पेपरवर वीस सूचना होत्या. ‘खिडकीला हात लाव’, ‘तीन काड्या उचल’, असल्या. भिंगरीनं सतरा केल्या. अठराव्या वेळी पेपर सोडून उठली आणि वर्गाच्या मधोमध गरगर फिरली.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी उलटं वाचायचा प्रयत्न केला. नाही जमलं.

२५ एप्रिल, शुक्रवार
शाळेनं घेतलं! एक अट – पहिले सहा महिने सोबत शाळेची मदतनीस. म्हणजे माझं काम संपलं. वडिलांनी पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं. मग म्हणाले, “बाई, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.” घेतला. साखर जास्त झाली होती. 

३ मे, शनिवार
कार्डं परत आणायला गेले होते. आई एकटीच होती. जिन्यापर्यंत सोडायला आली, मागे दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाली, “बाई, आता शाळेतून चिठ्ठ्या येतील. मला वाचता येत नाही. ह्यांना ठाऊक आहे, मुलींना नाही. मला शिकवाल?”

सोमवारी अकरा वाजता. पहिला तास.