तिसरा आग्रह

खोर्दाद १, यझ्द, इराण

तूबाची तीन महिन्यांची उमेदवारी संपत आली. हाज कमालांच्या मिठाईच्या दुकानात, मागच्या खोलीत, पुठ्ठ्याचे खोके दुमडते. दर गुरुवारी जाऊन बघते मी— एक कोपरा तिरका नाही! तेरा वर्षं झाली या विशेष मुलांच्या शाळेत शिकवतेय. डाऊन सिंड्रोमच्या एकाही मुलीला पगाराची नोकरी लावून देता आली नाही. ही पहिली ठरेल.

हाजींनी विचारलं, "दमली तर सांगेल ना?" म्हटलं, "आडपडदा नाही तिच्याकडे. नाही म्हणाली तर नाहीच समजा."

खोर्दाद ४

वर्गात रीतीभातीचा सराव. कोणी काही देऊ केलं— चहा, फळं, काहीही— की दोनदा आढेवेढे घ्यायचे, तिसऱ्या आग्रहाला हो. आमच्या मुलांना वळण नसतं असं लोकांनी म्हणायला नको. तूबाचं चोख पाठ. शाबासकी दिली.

खोर्दाद ७

नोकरी गेली.

हाजींनी विचारलं, "पोरी, कायमची राहतेस?" "नको, हाजी." पुन्हा विचारलं. "नको. मेहेरबानी तुमची."

फोनवर म्हणाले, "बाई, दुसरी कोणी असती तर तिसऱ्यांदा विचारलंच असतं. पण तुम्हीच बोलला होतात ना!"

मीच. त्यांना एक सांगितलं, तिला भलतंच शिकवलं.

खोर्दाद ८

तूबाच्या आईचा फोन— "आता घरीच बसणार का हो?" बघते काहीतरी, म्हटलं. चूक माझी, एवढं सांगायला जीभ रेटली नाही. तिला वाटत असणार, पोरीनंच घालवलं.

खोर्दाद ९

हाजींचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "आढेवेढे होते हो ते!" खो खो हसले. "म्हणजे मलाच गंडवलं की पोरीनं! उद्या येतो, विचारतो."

तूबाच्या आईलाही आज खरं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या हो म्हणू दे म्हणजे झालं."

खोर्दाद १०

हाजी कोत्ताबचा, बदामाच्या तळलेल्या मिठाईचा, डबा घेऊन शाळेत आले. "काय गं, येतेस ना?" मी त्यांच्यामागे उभी राहून मान हलवतेय— हो म्हण, हो म्हण!

"नको."

"अगं, तिसरी वेळ ही!"

"मला मोजता येतं, बाई."

खोर्दाद ११

आज तिला विचारलं, का गं? म्हणाली, "पहिलं 'नको'सुद्धा खरंच होतं. गिऱ्हाईक आलं की हाजी माझ्या खोलीचं दार लावून घेतात. गुरुवारी तुम्हीपण लावायचात."

हो. लावायचे.