माझ्या दाराबाहेर बसलेल्यांसाठी

मी, फूंग काम वेंग, वय बहात्तर, धंदा जाहिरातींचा, राहणार इपोह, पेराक राज्य, हे मृत्युपत्र स्वखुशीनं आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. येत्या आठवड्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझ्या ऑफिसातल्या लोकांना तो पटेलच असं नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण एकोणीस वर्षं त्याला मुहूर्तच लागला नाही.

१. कॅनिंग गार्डन वस्तीतलं राहतं घर धाकटी बहीण स्यू लान हिला द्यावं. छप्पर गळतं म्हणून ती कुरकुर करेल. गळतंच. दुरुस्तीवाला तीनदा येऊन गेला आणि तिन्ही वेळा मी घरी नव्हतो.

२. बँकेतली शिल्लक अर्धी तिलाच, अर्धी माझ्या दिवंगत पत्नीच्या नावानं तिच्या शाळेला. कॅमेरून हायलंड्सच्या थंड डोंगरांत नेतो, असं मी पत्नीला सव्वीस वर्षं सांगत होतो. गाडीनं दोन तासांचा रस्ता आहे. नेलं नाही. याची मला लाज वाटते.

३. चित्राचं टेबल, ब्रश आणि पट्ट्या आमचा चित्रविभाग सांभाळणाऱ्या अझहारीला. त्याच्या प्रत्येक कामावर मी लाल पेन चालवला. निम्म्या वेळा काम आधीच चांगलं होतं. मी बघितलंय हे त्याला कळावं, एवढ्यासाठी खुणा करत होतो.

४. जुना भागीदार याप सेंग की याला काहीही देऊ नये. वेगळा होताना तो म्हणाला होता, "तुझी माणसं पगार घेतात आणि रांगेत बसतात." त्याचं बरोबर होतं. तरी काही देऊ नये.

५. कंपनीचे माझे सर्व समभाग तिघांत सारखे वाटावेत: ग्राहकांचं काम बघणारी वसंता पेरियासामी, अझहारी, आणि छपाई बघणारा चिन हो. वसंतानं नोकरी सोडली तरी तिचा वाटा तिचाच राहील. माझ्या खोलीची भिंत पाडावी. दाराबाहेरच्या तीन खुर्च्या कुणालाही देऊन टाकाव्यात, ऑफिसात ठेवू नयेत. ज्याचं काम त्यानंच ठरवावं, दुसऱ्याची सही मागू नये. सोमवारची बैठक नऊला सुरू करून नऊ चाळीसला उठावं, बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं राहिलं तरी. मी बैठकीला अकराला यायचो आणि ती एकपर्यंत चालायची. बोलायचो मी एकटाच.

हे शहाणपण मला उशिरा सुचलं. एका साडीच्या दुकानाची दिवाळीच्या शुभेच्छांची जाहिरात माझ्या टेबलावर होती आणि मी चार दिवस दुसऱ्या एका ग्राहकाच्या शेवयांच्या पाकिटावरचं चिन्ह डावीउजवीकडे सरकवत बसलो होतो. जाहिरातीवर सही केली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. दुकानदार वसंताला म्हणाला, "राहू द्या, पुढच्या वर्षी चालेल." पुढच्या वर्षी तो दुसरीकडे गेला.

त्यानंतर वसंतानं महिनाभर एक तक्ता ठेवला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. एकशे ऐंशी तासांत फक्त मीच करू शकेन असं काम नऊ तासांचं होतं. मला मिरच्या झोंबल्या.

"माझा वेळ मोजायला तुला कुणी सांगितलं?"

"तुमचा नाही मोजला, बॉस. तो पानाच्या कडेला सहज लिहिलाय. मोजलाय तो आमचा, दाराबाहेर तुमच्या सहीची वाट बघण्यात गेलेला. खालची ओळ बघा."

खालची ओळ मी त्या दिवशी वाचली नाही.

६. आता मुख्य गोष्ट. वसंताचा नवरा सेल्वम याला दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी रक्त शुद्ध करून घ्यायला न्यावं लागतं. त्या दोन सकाळी मोकळ्या मिळाव्यात असा तिचा अर्ज दीड वर्षं माझ्या ढिगात पडून होता. अकरा आठवड्यांपूर्वी तिनं राजीनामा आणून दिला आणि म्हणाली, "बॉस, तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी तेव्हाच दुसरी सोय बघितली असती. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत."

तोही कागद मी ढिगात ठेवला. माझ्या सहीचं पत्र हाती आल्याशिवाय ती जाणारी नाही, हे मला माहीत होतं.

म्हणून या कलमाच्या मसुद्यात मी लिहिलं होतं की, माझ्या मृत्यूनंतर वसंताचा राजीनामा मंजूर समजावा. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी वकील चूई वाय लिंग, माझ्या मित्राची मुलगी, हिनं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं,

"अंकल, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. म्हणजे त्या बाईंनी आता तुमच्या मरणाचीही वाट बघायची का?"

मी राजीनामा मागवून घेतला आणि वाय लिंगसमोरच त्यावर सही केली. मोकळीक आजपासून दिली आहे. सकाळी दहा पन्नासला वाय लिंगचा माणूस पत्र घेऊन निघाला, सव्वाअकराला वसंतानं ते घेतल्याचा फोन आला. सबब मसुद्यातलं ते वाक्य खोडलं आहे. आज सोमवार आहे. उद्या सकाळी ती सेल्वमबरोबर असेल.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. आम्हा तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: फूंग काम वेंग
साक्षीदार: १. लो बी हून, शेजारीण. २. कमालुद्दीन बिन यासिन, निवृत्त शिक्षक.
इपोह, सोमवार, १२ ऑगस्ट २०२४