उभ्या अक्षावरचा माझा ओटा

प्रिय सुध्या,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण काल गवंडी येऊन गेला, आणि तुला जाब विचारल्याशिवाय मला चैन पडेना. लबाडा!

ओटा नवा करायचाय. म्हणून त्याने नळीत पाणी भरून मच्छी मार्केटच्या पायरीपासून आपल्या दारापर्यंत लेव्हल काढली. म्हणाला, "बाई, गल्लीच्या ग्रुपवरच्या पुराच्या आलेखात दावलाय त्यापेक्षा तुमचा ओटा हातभर वर हाय."

आता तो आलेख कुणाचा? तुझाच ना? सावित्री नदीची पातळी मीटरमध्ये इथे कुणाला कळते! म्हणून तू उभ्या अक्षावरचे आकडे काढून आपल्या गल्लीतल्या खुणांची नावं लावलीस: मार्केटची पायरी, सकीनाभाभीचं शटर, ताईचा ओटा. पावसाळ्यात रोज सकाळी मी त्यात पातळीचा आकडा भरते, आणि रेघ कुठल्या नावाला टेकली ते बघून माणसं सामान माळ्यावर चढवतात. त्यात चूक कशी चालेल?

मी गवंड्याला सोडलंच नाही. सगळ्या खुणा मोजायला लावल्या. बाकी एकही बोटभरसुद्धा चुकलेली नाही. खोटी फक्त माझी! एवढं नेमकं चुकतं होय कुणाचं?

मग माझं डोकं फिरलं. "ताई, घर विकू, तू पुण्याला ये," म्हणून किती मागे लागला होतास! मला घाबरवून बाहेर काढायचा डाव होता ना? सकीनाभाभीला सांगितलं, तर ती माझ्यावरच उलटली. "गो, त्याच्यावर कसला संशय घेतेस? संशय तुझ्या रक्तात हाय."

असेल. आजारपणातही तू फोन करून विचारायचास, "पाणी कुठवर आलंय?" आणि मी म्हणायचे, "पाळत ठेवतोस का माझ्यावर?" ते बोलायला नको होतं रे.

आज तुझा लॅपटॉप उघडला. तू शिकवलं होतंस तसा आलेखाचा प्रोग्राम काढला, नावं लावलेल्या ओळींपर्यंत गेले. माझ्या ओट्यापुढे तू स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होतीस: 'खरी उंची हातभर जास्त. मुद्दाम कमी ठेवलीय. ताई पाणी ओट्याला लागल्याशिवाय उठत नाही.'

मी तिथेच रडले. वर तुझा रागही आला. सरळ सांगायचं होतंस! पण मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं, खोटं कशाला बोलू?

ओट्याची उंची मी खरी करून टाकली. गल्लीला खोटं दाखवणं मला जमायचं नाही. पण तुझा तो आकडा पुसला नाही. त्याच उंचीवर आणखी एक खूण केली आणि तिला नाव दिलं: 'ताई, नीघ.'

गल्लीभर वाचू दे. रेघ तिथे टेकली की मी कुलूप लावून निघेन. तुझी शपथ.

तुझी,
संशयी ताई