निळं जाकीट आणि दोन रिकामे ऋतू

९ मार्च

चि. सौ. चिंगी हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझा तपकिरी पट्टा गेला. चोरीला गेला असं लिहिणार होतो, पण चोर आज सकाळी माझ्याच समोर बसून, माझाच पट्टा कमरेला लावून चहा पीत होता आणि वर मलाच विचारत होता, की वाळूच्या रंगाच्या पँटवर तो शोभतो का. चोर म्हणजे आपले तीर्थरूप. शोभत होता, पण मी कबूल केलं नाही. मला काळा पट्टा लावून जावं लागलं. तो इतका सैल आहे की सबंध तास मी एका हाताने खडू आणि दुसऱ्याने अब्रू सांभाळत विभक्ती शिकवल्या. पोरं आज फार लक्ष देऊन बसली होती.

या अनर्थाचं मूळ तुझं दुकान आहे. प्रवासाला निघालेल्या माणसाला तू मोजके कपडे जुळवून देतेस आणि त्यातलं वरचं कुठलंही खालच्या कुठल्याहीवर चालतं, हे तुझं शास्त्र मला मान्य आहे. पण ते अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला शिकवायचं काय कारण? ज्यांनी जन्मभर पांढरा शर्ट घालून पूल बांधले, ज्यांनी आई गेल्यापासून रंगीत सूतही अंगाला लावलं नाही, ते आता रोज नव्या वेषात न्याहारीला प्रवेश करतात. ऊन असलं की निळं जाकीट खांद्यावर, ढग आले की अंगात. काल गळ्यात रुमाल होता. तुझी वहिनी वा वा म्हणाली. मी भाकरीसारखा फुगलो.

यांना म्हणे आपण बांधलेले सगळे पूल एकदा बघून यायचेत. एकट्याने, एका बॅगेत. हे खूळ नेमकं केव्हा शिरलं तेही सांगतो. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले. काय म्हणाले विचारलं, तर वयाच्या मानाने ठीक, एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी तुझ्या दुकानात हजर. आणि त्याच संध्याकाळी आपला तो जाड काळा कोट माझ्या खुंटीला अडकवून मला म्हणाले, की घेऊन टाक, मला आता लागायचा नाही. त्यात माझ्यासारखे दोन मावतील. मला न विचारता मला कोट देणं आणि मला न विचारता माझा पट्टा नेणं, याला न्याय म्हणतात का?

जाब दे. लोभ आहेच, तो मात्र उसवू देऊ नकोस.

तुझा,
दादा


१४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जाब कसला मागतोस? उलट मीच तुझ्यावर चिडले आहे. वडील नीटनेटके दिसायला लागले म्हणून पोटात दुखणारा मुलगा मी पहिल्यांदा बघते आहे. तुझा तो पोपटी स्वेटर बघून मी कधी पत्र लिहिलं होतं का? लिहायला हवं होतं.

बाबा आले ते आल्याआल्या मला तंबी देऊनच, की मी गिऱ्हाईक म्हणून आलोय, लेक म्हणून मध्येमध्ये बोलायचं नाही. मग स्टुलावर बसून पूल बांधायचा असावा तशी चौकशी. हे कापड ओलं झालं तर किती वेळात वाळतं, या जाकिटाचा भार खांद्यावर कुठे येतो, आतला खिसा किती खोल. दोन पँटी, तीन शर्ट, जाकीट, रुमाल. आरशासमोर इतका वेळ उभे राहिले की पुढची बाई ताटकळून निघून गेली. जाताना म्हणाले, हे आधी का नाही सुचलं कुणाला. दादा, ते खूश होते रे. आता ते खूश आहेत याचाही तुला राग येतो का?

एक गोष्ट मात्र मलाही खटकली. बॅग पुरी व्हावी म्हणून मी एक राखाडी लोकरीचा कोट दाखवला. दोन्ही पँटींवर झकास दिसला असता. त्यांनी कापड दोन बोटांत धरून बघितलं आणि सांगितलं, की माल उत्तम आहे, झिजेपर्यंत वापरेल अशा कुणाला तरी दे. मी तेव्हा हसले. तुझं पत्र वाचल्यावर त्या हसण्याची लाज वाटते आहे. डॉक्टर नक्की काय म्हणाले ते तू विचार. तू थोरला आहेस, आणि घरात तू राहतोस.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर माया असू दे, आणि तो पोपटी स्वेटर कपाटात असू दे.

तुझी,
चिंगी


२ एप्रिल

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

जुन्या सहकाऱ्याकडे उतरलो आहे, तुझं पत्र इथे मिळालं. पानभर व्याकरण आणि मध्ये लपवलेला एक प्रश्न. विचारायचं तर सरळ विचारावं. माझ्या पाठीमागे तुम्ही दोघं भावंडं माझ्या पँटींवर पत्रव्यवहार करता, हे मला कळलं आहे. मी अजून या घरचा कर्ता आहे, वाळत घातलेलं धोतर नव्हे.

पहिला पूल बघितला. कठडा बदललाय, रंग भिकार दिलाय, पण खांब जिथे ठेवले तिथे आहेत. सकाळी गारवा होता तेव्हा जाकीट, दुपारी ते हातावर, संध्याकाळी पाऊस आला तेव्हा पुन्हा अंगात. सहकाऱ्याने विचारलं, की एवढ्याशा बॅगेत रोज नवा पोशाख कुठून काढतोस. चिंगीला कळव. पट्टा उत्तम आहे.

आता तुझा प्रश्न. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही. उलट जायचं तर लवकर जा, थंडीच्या आत उरकून घ्या, असंच म्हणाले. थंडीचे कपडे का घेतले नाहीत, तर बॅगेत जागा नाही. थंडीचं थंडीत बघू. काळा कोट तुला मोठा होतो ही तक्रार मान्य नाही. खातापिता राहा, अंगासरसा होईल.

सुनेला आशीर्वाद. उगाच काळजी करशील तर परत येऊन कान धरीन.

तुझे,
बाबा


१० एप्रिल

चि. सौ. चिंगी हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

बाबांचं पत्र सोबत जोडलं आहे. वाचून मला संताप आला. लवकर जा म्हणाले, हे असं लिहितात जणू गाडी सुटत होती! जन्मभर एकेका खांबाखाली काय आहे ते खणून बघणारा माणूस, आणि स्वतःच्या मुलाला वरचा कठडा तेवढा दाखवतो. एवढं नीटनेटकं आवरायचं, सगळं सगळ्याशी जुळवायचं, आणि आपल्याला कशातच धरायचं नाही. मी काय परका आहे?

मी शिक्षक आहे. पेपर तपासताना आधी न सोडवलेले प्रश्न दिसतात. आपल्याकडे ऋतू सहा. त्यांच्या बॅगेत वसंत आहे, ग्रीष्म आहे, वर्षा आहे, शरदाच्या संध्याकाळीही त्या जाकिटावर भागेल. हेमंत आणि शिशिर कोरे सोडलेत. वेळ संपला म्हणून मुलं असं करतात. उत्तर येत नाही म्हणूनही करतात. बाबांना उत्तर येत नाही, असं कधी झालेलं मला आठवत नाही.

तो राखाडी कोट विकला गेला नसेल तर ठेव. गेला असेल तर तसाच दुसरा शिव. वजनाला हलका, त्या वाळूच्या पँटवर, त्या निळ्या जाकिटावरून, सगळ्या सगळ्यावर चालणारा; बॅगेत जागा नाही हे कारणच उरायला नको. आतला खिसा खोल ठेव. परत आले की मी स्वतः तो त्यांच्या खुंटीला अडकवणार आहे, न विचारता. चिडले तर चिडू देत. तो काळा मी अंगात घालून बघितला. बाह्यांत माझे हात बुडाले. काढून परत खुंटीला लावला, अजून घडी करवत नाही.

पट्टा मला परत नको. त्यांनाच राहू दे, पुढच्या वर्षीही.

आज लोभाबिभाचं काही सुचत नाही, चिंगे. बाबा थंडीपर्यंत राहणार नाहीत, असं मला वाटतंय. मला भीती वाटते आहे.

तुझा,
दादा