पावाच्या बाळाचा धर्मपिता

मोयेंदो,
मंगळवार, ५ नोव्हेंबर १९७४

प्रिय नोएमी,

स. न. वि. वि.

शनिवारी दुपारी सव्वातीन वाजता, तुमच्या लॉजच्या अंगणात, टेबलावरची चादर अंगाभोवती गुंडाळून पाद्री बनलेल्या आमच्या दाजींनी तुझ्या मांडीवरच्या पावाच्या बाळावर पाणी शिंपडलं, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. हसू नकोस. घड्याळ बघून सांगतोय.

तुला ठाऊकच आहे, अरेकिपाला आमची ही दोन दिवसांची सहल म्हणजे काय असते. मोटारीत पुढे दाजी आणि इल्दाताई हात हलवत बसणार. मागे मी, डाव्या मांडीवर पिलार, उजवीकडे तितो, पायांत ओकारीचं भांडं. ला होयाच्या वळणांवर पिलारचा चेहरा पिवळा पडला की ताई मागे न बघताच म्हणते, रेनान, भांडं. चार तास मी पाय लांब करू शकत नाही. शहरात पोचलो की चौकातली कबुतरं, मग चीज-आइस्क्रीम, मग त्यात चीज का नाही म्हणून तितोचं भोकाड, मग झोप. तुझ्याशी बोलायला मिळतात ती जिन्यावरची तीन मिनिटं, तीही कडेवर पोर घेऊन. ज्या शहरात मी दीड वर्ष इंजिनिअरिंग शिकलो, तिथं आता मी पोरांची नाकं पुसायला येतो!

आणि तुझी आई! दोन्या आसुन्तांच्या लॉजमध्ये पुरुष उतारूनं अंगणाच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. स्वयंपाकघर तर स्वर्गच. म्हणून शनिवारी पिलारनं मृतांच्या सणाला बेकरीत मिळतं ते प्लास्टरच्या तोंडाचं पावाचं बाळ तुझ्या मांडीवर ठेवलं आणि बोट दाखवून जाहीर केलं की आई नोएमी मावशी आणि धर्मपिता रेनान मामा, तेव्हा मला रडू फुटायचंच बाकी होतं. चार वर्षांच्या पोरीला हे कोण शिकवणार? देवानंच सुचवलं. तू बाळाची आई, मी धर्मपिता, म्हणजे आपण आता कोमाद्रे आणि कोंपाद्रे. कोंपाद्रेला स्वयंपाकघरात बसवून जेवू घालावंच लागतं. रविवारी तुझ्या आईनं स्वतः मला आत बोलावून वाटीभर रस्सा वाढला. दीड वर्षात जे जमलं नाही ते एका पावानं केलं!

आता आडपडदा ठेवत नाही. मला तुझ्याशी लग्न करायचंय. कॉलेज सोडलं ते तुझ्यासाठी, हे सगळ्या मोयेंदोला ठाऊक आहे. आठ डिसेंबरला आम्ही पुन्हा येतोय. तेव्हा स्वयंपाकघरात बसूनच तुझ्या आईला विचारतो.

सिरिलोला, म्हणजे आपल्या लेकराला, माझा पापा. आणि तुला या वेड्याची आठवण यावी एवढंच मागणं.

तुझा,
रेनान

————

अरेकिपा,
रविवार, १७ नोव्हेंबर १९७४

श्री. रेनान कोंपाद्रे यांस,

सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. "आपलं" लिहिताना पेन अडखळलं खरं, पण आई समोर मटार सोलत बसलीय. तिनं बजावलंय की कोंपाद्रेंना अरे-तुरे करायचं नाही. बाप्तिस्मा झाला त्या दुपारपासून तुम्ही आम्हाला वडीलधारे, मग वयानं तीन वर्षांनी लहान का असेनात.

तुम्ही समुद्रकाठची माणसं या गोष्टी खेळातल्या समजता. आई पडली वर डोंगरातल्या पुनोकडची. तिच्या मते पाव असो की पोर, पाणी शिंपडलं की नातं लागलं. आणि कोंपाद्रे-कोमाद्रेंमध्ये प्रेमाचा विचारही पाप. तिच्या गावच्या दोघांनी असा विचार केला तर ते माणसाच्या तोंडाचे, चार पायांचे लामा झाले आणि अजून गळ्यात घंटा बांधून डोंगरावर फिरतात, असं ती शपथेवर सांगते. तिच्या मामेभावानं घंटा ऐकलीय म्हणे. तेव्हा ते स्वयंपाकघरात विचारायचं राहू द्या. रस्सा बंद होईल.

सिरिलो फडताळावर, सान इसिद्रोच्या तसबिरीशेजारी बसलाय. आईनं त्याला लोकरीची टोपी विणली. उतारू येतात आणि जातात, मी चाव्या देते आणि चाव्या घेते. आता या घरात कायमचे आम्ही तिघं, आई, मी आणि तो.

तितोचा खोकला कसा आहे? त्याला मधाचं चाटण द्यायला इल्दाला सांगा.

कोंपाद्रेंना आमचं दार सदैव उघडं आहे, असा आईचा निरोप. माझाही तोच समजावा.

आपली नम्र कोमाद्रे,
नोएमी

————

मोयेंदो,
गुरुवार, २१ नोव्हेंबर १९७४

नोएमी,

नमस्कार-बिमस्कार काही नाही. तुझं ते "आपलं" आणि "तुम्ही" वाचून मी पत्राचा बोळा केला, मग उलगडला, इस्त्री केली आणि पत्र परत वाचलं.

ही काय थट्टा आहे? मी आत यायला दार शोधत होतो, आणि ज्या दारातून आलो त्यानंच मला कोंडून घातलं? एवढ्याशा मैद्याच्या गोळ्यानं? त्याला तर पायसुद्धा नाहीत! वर्गात सर्वेक्षणाचे सर म्हणाले होते की हा झेबाय्योस, म्हणजे मी, दुर्बिणीतून डोंगर सोडून गच्चीवरच्या चादरी मोजतो. मी फळ्याचं डस्टर त्यांच्याच डोक्यावर भिरकावून बाहेर पडलो. आणि आता एका पावापुढे हात जोडू?

इथं माझा जीव घुसमटतो. दिवसभर दाजींच्या हाताखाली जकातीच्या कचेरीत शिक्के मारायचे. घरी आलो की तितोचा घोडा व्हायचं. ताईला कुणी विचारलं तर म्हणते, रेनान नसता तर आम्हाला कुठं जाता आलं असतं? जणू मी मोटारीचं पाचवं चाक.

तू फक्त एक सांग. तो पाव नसता, तर? माझं मी बघतो. बाळच राहिलं नाही तर कोंपाद्रे कुठला आणि कोमाद्रे कुठली! आठ तारखेला येतोय.

तू "तू" म्हणशील त्या दिवसाची वाट बघणारा,
रेनान

————

मोयेंदो,
मंगळवार, १० डिसेंबर १९७४

प्रिय नोएमी,

सप्रेम नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. पिलार दोनदाच ओकली. तितोचा एक बूट तुमच्याकडे राहिलाय, बहुतेक पलंगाखाली. जपून ठेव, कार्निव्हलला येऊ तेव्हा नेऊ. रेनानच्या दाताचा अर्धा तुकडा मात्र सापडला तर फेकून दे. डॉक्टर म्हणाले, आता चिकटवता येत नाही.

अगं, हसावं की रडावं तेच कळत नाही. तू गच्चीवरून खाली आलीच नाहीस, म्हणून सांगते. मी पोरांना आंघोळ घालत होते, तेवढ्यात पिलारची किंकाळी ऐकली की मामानं बाळाला खाल्लं. धावत येते तर हा स्वयंपाकघरात उभा, तोंडातून रक्त, हातात टोपी घातलेलं मुंडकं! महिन्याभराचा वाळलेला पाव कुणी चावतं का? मला वाटलं, तुझी आई लाटणं घेईल. पण त्यांनी शांतपणे काळी शाल पांघरली, मेणबत्ती लावली आणि त्याला खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, कोंपाद्रे, तुमचा धर्मपुत्र गेला, आता इथं बसा. आणि हा बसला! इतका तापट पोरगा, पण त्या बाईंपुढे मांजर झाला. एकेक उतारू येऊन त्याचा हात हातात घेऊन गेला. तो कुस्कोचा बटणं विकणारा तर खरंच डोळे पुसत होता. आमचे हे संडासात जाऊन हसले.

वर तुझ्या आईनं सांगितलं की मूल गेलं तर नातं तुटत नाही, उलट पक्कं होतं. आता दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, कोंपाद्रेंनी फुलं घेऊन यायचं, जन्मभर. ते ऐकून त्याचा चेहरा असा झाला की मला पहिल्यांदा भीती वाटली. परतीच्या वाटेवर पिलार त्याच्या मांडीवर झोपून गेली, तर चार तास तिचं डोकं धरून तसाच बसून राहिला.

नोएमी, आपण केलं ते बरोबर केलं ना? तू रडत म्हणालीस की इल्दा, काहीतरी कर, म्हणून मी केलं. बाबांनी त्याला एप्रिलपर्यंत माझ्या जिवावर सोपवलाय. एप्रिलला कॉलेजात पुन्हा नाव घातलं की सुटले. शिवाय खरं सांगते, तो नसेल तर या दोघांना घेऊन मी अंगणाबाहेरही पडू शकत नाही. पिलारला रोज एक चॉकलेट देऊन गप्प ठेवलंय. पण ती चार वर्षांची आहे, किती दिवस?

आईंना नमस्कार. माझ्यावर राग धरू नकोस, आणि धरलास तर लिहून कळव.

तुझी मैत्रीण,
इल्दा

————

अरेकिपा,
रविवार, १९ जानेवारी १९७५

रेनान,

आई चर्चला गेलीय, म्हणून आज "तू". एकदाच.

तू विचारलं होतंस, तो पाव नसता तर? तीन पत्रं फाडली, तेव्हा हे चौथं. पाव नसता तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

पिलारला देवानं सुचवलं नव्हतं. मी इल्दाला सांगितलं, इल्दानं पिलारला शिकवलं, सकाळभर, बिस्किटं देऊन. मला ठाऊक होतं की तू खूश होऊन हो म्हणशील, आणि हेही ठाऊक होतं की आई काय म्हणेल. तुझ्या तोंडावर "नाही" म्हणायचं धैर्य मला झालं नाही. तू ओरडतोस, मग रडतोस, मग जिन्यावर बसून राहतोस आणि येणारा-जाणारा प्रत्येक उतारू माझ्याकडे असा बघतो की मीच तुला चाबकानं मारलंय.

तू सगळ्यांना सांगतोस की कॉलेज माझ्यासाठी सोडलं. आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवालासुद्धा मला विचारतो की त्या पोराचं आता काय करणार. रेनान, मी चादरी वाळत घालत होते. रोज बारा चादरी. मी तुझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. तू माझ्या नावानं एक खोली बांधलीस आणि मला आत ढकलून बाहेर पहारा देत बसलास. तिथून निघायला मला पावाएवढंच भोक सापडलं.

फसवलं, हे खरं. त्याची लाज वाटते. तू पिलारचं डोकं चार तास धरून बसला होतास असं इल्दानं लिहिलं, तेव्हा जास्त वाटली. तो रेनान मला आवडतो. पण तू म्हणतोस तसा नाही. कधीच नाही.

कार्निव्हलला या सगळे. दार उघडं आहेच. आई आल्यावर मी पुन्हा "तुम्ही" म्हणेन, आणि मनापासून म्हणेन.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवू नये, ही विनंती.

नोएमी

————

मोयेंदो,
शनिवार, ८ फेब्रुवारी १९७५, सकाळी सात

ती. इल्दाताईस,

शि. सा. न.

तू, दाजी आणि पोरं पेट्रोल भरायला गेला आहात. अर्ध्या तासात याल आणि मला हाक माराल की सामान आण. सामान दाराशी रचून ठेवलंय. भांडं सर्वांत वर आहे.

नोएमीचं पत्र आलं, ते तुला दाखवलं नाही. सोबत ठेवतोय, वाच. अडीच आठवडे मी ते खिशात घेऊन शिक्के मारले. आधी ठरवलं होतं की तुझ्याशी भांडायचं, ताटं फोडायची, दाजींना चार शब्द सुनवायचे. मग परवा पिलारनं आपणहून सांगितलं. घोडा-घोडा खेळताना कानाशी लागून म्हणाली की मामा, एक गुपित आहे, पण चॉकलेट द्यावं लागेल. मी दिलं. तिनं सगळं सांगितलं, आणि शेवटी विचारलं की मी नीट म्हटलं होतं ना? मी म्हटलं, फार नीट. तिच्यापुढे ताटं कशी फोडणार?

ताई, मला राग आहे. खोटं नाही बोलणार. पण कोणाचा ते नेमकं सापडत नाही. मी कोंडला गेलो असं मी सगळ्यांना लिहीत होतो, आणि ती लिहिते की पहारा मीच देत होतो. हे वाक्य माझ्या मोडक्या दातासारखं झालंय, जीभ सारखी तिथंच जाते.

मी अरेकिपाला येत नाही. त्या उघड्या दारातून एकदा आत गेलो की जन्मभर दर नोव्हेंबरला फुलं घेऊन जाईन, स्वयंपाकघरात बसून रस्सा खाईन, तिचं लग्न होईल, तिची पोरंही माझ्या मांडीवर ओकतील. मला ठाऊक आहे, मी नाही म्हणणार नाही. म्हणून आजच म्हणतो. एप्रिलला नाव घालायचं की नाही ते एप्रिलला बघू. बाबांना सांग की तुझी काही चूक नाही. इलो बंदरात मासळीच्या बोटींवर माणसं घेतायत. तिथून कुठलीच गच्ची दिसत नाही.

पिलारला डावीकडच्या खिडकीशी बसव. ला होयाची वळणं लागायच्या आधी लिंबू कापून हुंगायला दे, नंतर देऊन उपयोग नाही. ती झोपली की तिचं डोकं उजवीकडे कलतं, तेव्हा हाताचा आधार लागतो. उशी चालत नाही, मी करून बघितलंय. तितोला बुटाची आठवण आपणहून करून देऊ नका, नाहीतर वाटभर रडेल. दाजींना म्हणावं, मागे मी नाही, तेव्हा वळणावर जरा हळू.

तू नेहमीसारखी दार सताड उघडं टाकून गेली आहेस. वाऱ्यानं हा कागद उडेल, म्हणून वर मिठाची बरणी ठेवतो. किल्ली जेरेनियमच्या कुंडीखाली आहे.

माया पातळ करू नकोस.

तुझा,
रेनान

ता. क. कोपऱ्यावर मोटारीचा हॉर्न वाजतोय, तितो वाजवत असणार. आता मागच्या गल्लीनं निघायला हवं, पण मी पुढच्याच दारानं जाणार. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.