शाडूचं पेल्विस

बाबा, तू घडवलेलं ते पेल्विस, कमरेच्या हाडांचं ते मॉडेल, अजून शाबूत आहे. मी शिकवते त्या नर्सिंगच्या वर्गात, काचेच्या कपाटात. पनवेलची धूळ आणि दरसालच्या पोरींचे हात, दोघांना पुरून उरलंय.

आठवतंय, मी ते मागायला आले तेव्हा केवढा चिडला होतास? नवरात्रीच्या देव्या गेल्या होत्या, कारखान्यात शाडू पडून होता. कॉलेजातलं मॉडेल फुटलेलं, नवीन यायचं नाव नाही, आणि पोरींना बाळंतपण शिकवायचं ते काय हवेत बोटं फिरवून? तू म्हणालास, "जिथं देव घडवतो, तिथं असलं नाय होयाचं." मी चित्रांचं पुस्तक तुझ्यापुढे टाकून निघून गेले. हट्टी मी, तुझीच ना! पुढच्या आठवड्यात येऊन पाहते तर पडवीत, देवांपासून लांब, तू दोन्ही बाजूंची हाडं उभी केलेली, मागे माकडहाडही बसवलेलं. मग मी सांगायची आणि तू लावायचास: पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले स्नायू, त्यात पुढे लघवीची वाट, मधे योनी, मागे गुदद्वार. नावं ऐकून आधी खाली बघायचास. कामाच्या नादात लाज कधी गेली, तुलाच कळलं नाही. झोळीला तू गणपतीच्या शेल्याचा उरलेला तांबडा रंग दिलास.

शेवटी योनी आणि गुदद्वार यांच्या मधला बोट-दीड बोटाचा भाग राहिला, पेरिनियम. बाळ येताना फाटतं ते तिथेच. "आन हा पार मागपर्यंत फाटला तर?" तू विचारलंस. मी वर्गात बोलते तशी घडाघडा बोलले, की टाके पडले नाहीत तर शौच थांबवता येत नाही, कपडे खराब होतात, मग बाई चारचौघांत बसायचं टाळते, लग्नाकार्याला जात नाही. तुझा हात थांबला. आत आई भाकऱ्या थापत होती. तिचं माहेर गव्हाणला, इतकं जवळ, तरी एकाही लग्नात ती पंगतीपर्यंत थांबली नव्हती. हिला बाहेरचं सोसत नाही, असंच आपण म्हणायचो. तू हळूच म्हणालास, "तू झालीस तवा लय फाटली व्हती ती. टाका कुनी घातलाच नाय."

दिवाळीनंतर ते जुनं फाटलेलं शिवायचं तिचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावल्यावर ती एवढंच म्हणाली, "मना वाटलं, सगल्या बायांना असंच होतं." आणि वैशाखात गव्हाणला, तिच्या भाच्याच्या हळदीहून तू तिला घरी आणायला गेलास, तर सगळे जेवल्याशिवाय उठणार नाही म्हणून तिने तुलाच परत पाठवलं. घरी येऊन ते सांगताना तू तोंडभर हसत होतास. अजून आठवलं की बरं वाटतं बघ.

आता तू नाहीस, हे पत्र कुठे धाडणार? त्या कपाटातच ठेवते. एक मात्र तुला कधी बोलले नाही. आईचं ते सांगून झाल्यावर तो मधला भाग तू जाड केलास, असतो त्याच्या दुप्पट. दरवर्षी पोरींना सांगते, हे चुकलंय, खरा एवढा जाड नसतो. ओलं फडकं घासलं तरी जास्तीचा शाडू उतरेल. पण मी उतरवत नाही, बाबा.