सव्वा महिन्याचा हट्ट

प्रिय प्रणाली,

तुझी आई नाही, म्हणून बाळंतपणाला मीच तुला नाशिक रोडला आणलं. पोटात असतानाच बाळाच्या मूत्रपिंडांना सूज दिसली होती. जन्मल्यावर आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी म्हणाले, "हल्ली पोटातल्या पोरांचीही फाईल निघते! सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही."

तू म्हणालीस, "मावशी, शू करताना याची धारच लागत नाही गं. नुसते थेंब पडतात."

मी म्हणाले, "द्राक्षबागवाल्यांचा नातू तो, ठिबकवरच वाढणार!"

सगळे हसले. तूही हसलीस, आणि मला वाटलं, तुला पटलं.

तिसाव्या दिवशी बाळ तापाने फणफणलं. मूत्रमार्गात जन्मापासूनच पडदा होता. तो दुर्बिणीने काढला, पण तोवर एक मूत्रपिंड निकामी झालं होतं. "आधी का नाही आणलंत?" डॉक्टरांनी विचारलं. तू खाली मान घालून म्हणालीस, "माझ्याच लक्षात आलं नाही."

एरवी कुणाला न सोडणारी मी, शेजारी गप्प उभी राहिले.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू "जाऊ दे गं मावशी" म्हणशील, आणि मला तेच ऐकायचं आहे.

तुझी,
छायामावशी